एका नावाच्या दोन तबकड्या

आमच्या ग्रंथालयात दुपारी दोन ते चार या वेळात कोणी मोठ्याने बोलत नसे, आणि तरीही सगळी इमारत आवाजांनी भरलेली असे. ज्यांना दिसत नाही अशा वाचकांसाठी पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करून ठेवायची, हे आमचं काम. मुद्रणाच्या तीन खोल्या होत्या, भिंतींना जाड करडी लोकरी बनात लावलेली, आणि दारं इतकी जड की लोटायला खांदा लावावा लागे. दार नीट बसलं नाही की फटीतून वाक्यं बाहेर गळायची. एका खोलीतून मधमाश्या, दुसरीतून कुठल्याशा राजाचं आजारपण, आणि मधल्या पॅसेजमध्ये उभ्या माणसाला वाटायचं की मधमाश्यांनाच ताप आलाय. त्या पॅसेजच्या टोकाला खिडकीपाशी, गार झालेल्या चहाचा कप हातात धरून जो माणूस तासन्‌तास उभा दिसे, त्याला सगळे सापडेलकाका म्हणत.

ते कोणाचेच काका नव्हते. माझ्याहून फार तर सहा वर्षांनी मोठे. पण चष्मा, किल्ली, पावती, पेन, कोणाचं काहीही हरवलं की ते खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "सापडेल." हे इतक्या सावकाश, इतक्या खात्रीने म्हणायचे की हरवणाऱ्याची धडपड थांबायची, आणि धडपड थांबली की वस्तू दिसायची. बहुतेक वेळा टेबलावरच. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालणारी माणसं आम्ही, आम्हाला असा एक माणूस लागतच होता.

स्वतःचं मात्र त्यांना काही सापडत नसे. सकाळी स्वतःची छत्री घेऊन यायचे आणि संध्याकाळी दुसऱ्याची घेऊन जायचे. लग्न केलं नव्हतं. थोरला भाऊ आणि वहिनी यांच्या घरी वरच्या खोलीत राहायचे. वहिनींनी शेवटी घराची किल्ली त्यांच्या पिशवीच्या बंदाला दोरीने शिवून टाकली होती. रोज साडेपाचला वहिनींचा फोन यायचा, "आमचे भाऊजी निघाले का हो?" आणि आमच्या ऑपरेटरबाई उत्तर द्यायच्या, "निघाले. पोचतील याची हमी नाही."

मला हा माणूस पहिली चार वर्षं मुळीच आवडला नाही. माझा स्वभाव तापट, हात चालू, आणि समोर कोणी नुसतं उभं राहिलं की डोकं फिरतं. मी कपाट सांभाळायची. भिंतभर लोखंडी कपाट, त्यात दोन हजारांच्या आसपास तबकड्या, प्रत्येक तळहाताएवढी, टणक प्लास्टिकच्या पेटीत बसवलेली. पेटीवर माझ्या अक्षरातलं लेबल, वहीत माझ्या अक्षरातली नोंद. वाचकाने पुस्तक मागितलं की तबकडी काढायची आणि यंत्राच्या चार ड्राइव्हपैकी जो मोकळा असेल त्यात सरकवायची. कोणत्या ड्राइव्हमध्ये काय घातलंय ते मला लक्षात ठेवावं लागे, आणि माझ्या लक्षात राहत नसे. एका आजोबांनी प्रवासवर्णन मागितलं, मी त्यांच्या कानात दातांच्या निगेवरचं पुस्तक सोडलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पुढचा भाग मागायला आले. मला हसू आलं नाही. मी काकांच्या खिडकीपाशी जाऊन भांडले.

काकांनी भांडण पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही नुसतं नाव सांगायचं. ती कुठे आहे हे लक्षात ठेवायची तुम्हाला गरजच काय?"

मग महिनाभर ते खिडकीपाशी उभे राहिले. मला वाटलं, नेहमीसारखेच उभे आहेत. ते काम करत होते हे मला महिन्यानंतर कळलं. प्रोग्राम लिहिणाऱ्यांचीही एक लायब्ररी असते, तिच्यात पुस्तकांऐवजी तयार करून ठेवलेली कामं असतात, आणि ज्याला हवं त्याने ती बोलवून घ्यायची. आमच्या यंत्राच्या त्या लायब्ररीत, सी भाषेत, काकांनी एक नवीन काम लिहून ठेवलं. फंक्शन म्हणतात त्याला. त्याला तबकडीचं नाव द्यायचं, ते तिचा ठावठिकाणा आणून देणार. ऐकवायचा प्रोग्राम, कॉपी करायचा प्रोग्राम, पुसायचा प्रोग्राम, सगळे याच एका फंक्शनला विचारणार.

"म्हणजे ते करतं तरी काय?" मी विचारलं.

काकांनी डोळे मिटले. "समजा, लांब पॅसेज आहे. दुपारची वेळ. चार दारं. तुम्ही एक नाव घेऊन निघालात. पहिल्या दारावर टकटक करायची. आतून कोणीतरी आपलं नाव सांगतं. जुळलं तर तिथली वाट लिहून घ्यायची आणि परत फिरायचं. नाही जुळलं तर पुढचं दार. चारही दारं झाली आणि कोणीच जुळलं नाही, तर रिकाम्या हाताने यायचं. उगाच काहीतरी घेऊन यायचं नाही."

"आणि मी पेट्यांवर लेबलं चिकटवते ती?"

"ती त्याला दिसत नाहीत. बाहेर काय चिकटवलंय ते त्याला कळत नाही. तबकडी आतून स्वतःचं नाव काय सांगते, तेवढंच." मग डोळे उघडून म्हणाले, "आपल्याकडे शोभेल असंच आहे ते."

मला त्यांची ती समाधी आवडली, हे कबूल करते. त्या दिवसापासून दुपारी काम करताना मलाही तो पॅसेज दिसायला लागला. कोणी पुस्तक मागितलं, मी नाव टाइप केलं, की वाटायचं आत कुठेतरी अनवाणी पावलं चालली आहेत आणि दारांवर हलकेच टकटक होतेय. ड्राइव्हचा हिरवा दिवा लागायचा, वाचक खुर्चीत मागे रेलायचा, आणि माझ्या कपाटातला एक आवाज त्याच्या कानात जागा व्हायचा. पुढची पंधरा वर्षं एकदाही चुकीचं पुस्तक कोणाच्या कानात गेलं नाही.

त्या फंक्शनमध्ये काकांनी स्वतःसाठी एक ओळ लिहून ठेवली होती. प्रोग्रामर लिहितात तसल्या ओळी, यंत्र त्या वाचत नाही. ती मी पुढे पाहिली. लिहिलं होतं: "एका नावाच्या दोन तबकड्या असणार नाहीत. कपाट बाईंच्या ताब्यात आहे."

आता ऑपरेटरबाईंबद्दल सांगते. दारातून आत आलं की डावीकडच्या काचेच्या खोलीत फोनचा बोर्ड, आणि त्याच्यामागे त्या. जन्मापासून दिसत नव्हतं. जीभ तिखट, हसणं मोठं, आणि गप्पांची आवड अशी की चुकीचा नंबर लावलेला माणूसही पाच मिनिटांनी फोन ठेवायचा. मला "कपाटबाई" म्हणायच्या. त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी बहीण होती, तिला त्या अक्का म्हणत, म्हणून आम्हीही अक्का म्हणायचो. या अक्काने धाकटीची शाळेची सगळी पुस्तकं तिला वाचून दाखवली, कॉलेजची दाखवली, आणि धाकटीला नोकरी लागली तेव्हा आमच्याकडे येऊन म्हणाली, "मला आता वाचल्याशिवाय जेवण जात नाही, एखादं पुस्तक द्या." दर गुरुवारी यायची. आवाज गोड नव्हता, जरा घोगरा, शिक्षिकेचा. स्वल्पविराम खाऊन टाकायची. पण वाचक तिचंच पुस्तक मागायचे.

आजारी पडल्यावर अक्काने दोन दुपारी खोली मागितली आणि हातात पुस्तक न घेता आत गेली. पुस्तकाशिवाय मुद्रण करायचं नाही असा आमचा नियम. काकांनी अर्जात पुस्तकाच्या नावापुढे 'बहिणीसाठी' असं लिहून नियमाचं तोंड बंद केलं. पहिल्या दुपारी अक्काने त्यांचं लहानपणीचं घर, गल्ली, आई, वडील, दारातलं झाड, सगळं दिसायला कसं होतं ते सांगितलं. दुसऱ्या दुपारी, धाकटी दिसायला कशी आहे ते. दोन्ही एकाच तबकडीवर, आणि तबकडीचं आतलं नाव ठेवलं: अक्का.

प्रत्येक मुद्रण कोणीतरी एकदा पूर्ण ऐकून 'तपासले' अशी सही करायची असते, आणि ऐकलेलं बाहेर बोलायचं नसतं. तपासणीच्या वेळी मी रजेवर होते. अक्काची तबकडी काकांनी तपासली. दोन महिन्यांनी अक्का गेली.

ऑपरेटरबाईंनी पहिला भाग ऐकला. दुसरा ऐकला नाही. मी एकदा विचारलंच, तर म्हणाल्या, "कपाटबाई, तिचं काहीतरी माझ्याशी बोलायचं राहिलंय असं आहे तोवर ती गेली असं मला वाटत नाही. राहू दे शिल्लक." मग चार वर्षांनी त्यांची निवृत्ती आली. त्यांनी घरी ऐकायचं यंत्र घेतलं आणि मला म्हणाल्या, "मला अक्काची एक कॉपी करून द्या. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत बसून ऐकणार आहे. त्या दिवशी तरी मला कुठे जायचं नाही." आवाजात एवढं कौतुक होतं की मलाच भरून आलं.

तो सोमवार होता. मूळ तबकडी पहिल्या ड्राइव्हमध्ये, कोरी दुसऱ्यात. कॉपी करणारा प्रोग्राम आधी नाव लिहितो, मग आवाज. नाव उतरलं आणि यंत्र अडकलं. कोरी तबकडीच नासकी निघाली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्यातली गत: आत अक्का असं नाव, पुढे काही नाही. आमची रीत अशी की कॉपी पूर्ण झाली की ताबडतोब तिच्या आतल्या नावाला 'प्रत' जोडायचं. पण फसलेल्या कॉपीचं कसलं बारसं? ती पुसायची आणि टाकायची. पुसण्याआधी मूळ तबकडी बाहेर काढून पेटीत ठेवायची, हे मी पंधरा वर्षं न चुकता केलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. "कपाटबाई, झाली का अक्का?"

"होतेय, होतेय," मी म्हटलं, आणि रिसीव्हर खांद्याशी धरूनच टाइप केलं: पुसा, अक्का. यंत्राने विचारलं, नक्की? मी म्हटलं, हो.

मी दुसऱ्या ड्राइव्हच्या दिव्याकडे बघत होते. लागला पहिल्याचा. फंक्शनने पहिल्या दारावर टकटक केली, आतून नाव आलं, जुळलं. त्याचं काही चुकलं नाही. पुसायला सात मिनिटं लागतात आणि पुसत असताना ड्राइव्ह तबकडी सोडत नाही. मी बटण दाबत राहिले. कानात ऑपरेटरबाई मला घरच्या खिडकीतल्या खुर्चीबद्दल सांगत होत्या. भिंतीतली वायर उपटायला हवी होती, हे मला आठव्या मिनिटाला सुचलं.

काका आले, पडदा बघितला. त्यांनी माझ्यावर आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. त्यांनी आपलं फंक्शन उघडलं आणि ती ओळ मला वाचून दाखवली. "मी मानून चाललो," ते म्हणाले. "दुसऱ्या दारापर्यंत जाऊन बघायला हवं होतं. एक जुळलं की परत फिरायचं, हे मी लिहिलं. चूक माझी."

"कळ मी दाबली."

"दार मी दाखवलं."

असं आम्ही बराच वेळ भांडलो. त्याच संध्याकाळी त्यांनी फंक्शन बदललं. एका नावाच्या दोन सापडल्या तर थांबायचं आणि माणसाला विचारायचं. बैल गेला नि झोपा केला. मी तसं बोलूनही दाखवलं. मला तेव्हा कोणाला तरी टोचायचं होतं, आणि समोर तेच होते.

फोन पुन्हा वाजला तेव्हा काकांनी उचलला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते म्हणाले, "तबकडी जागेवर दिसत नाहीये. सापडेल."

आजवर तो शब्द त्यांच्या तोंडून खोटा निघाला नव्हता. तो त्यांच्या तोंडून निघाला आणि मी गप्प बसले, म्हणजे तो माझाही झाला.

पुढे तीन आठवडे. पहिले अकरा दिवस काकांनी पुसलेल्या तबकडीवर घालवले. ड्राइव्ह उघडून, वेग कमी करून, तिच्यातून काही निघतंय का ते बघत राहिले. चार सेकंद निघाले. खुर्ची करकरते आणि कोणीतरी घसा साफ करतं. ती अक्काच होती की दाराबाहेरची मीच, हेही सांगता येईना. काका दुपारी हेडफोन लावून ते चार सेकंद पुन्हा पुन्हा ऐकत, आणि चहा गार होत राही. अकरा दिवस ते खिडकीकडे फिरकले नाहीत, म्हणून खिडकीतलं ऊन माझ्या टेबलापर्यंत यायला लागलं.

मला स्वप्नं पडायला लागली. करड्या बनातीचा लांब पॅसेज, मी अनवाणी, आणि एकेका दारावर टकटक करतेय. आतून प्रत्येक जण सांगतो, अक्का. दुसऱ्या दाराआडूनही अक्का, तिसऱ्याही. दार उघडावं तर आत नुसती खुर्ची. काकांना सांगितलं तर म्हणाले, "मला पण तेच पडतं. माझ्यात मात्र दारं संपतच नाहीत."

ऑपरेटरबाई रोज विचारायच्या, "सापडली का?" पहिला आठवडा मोठ्याने, दुसरा हळू, आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांनी विचारणं बंद केलं. माझ्याशी बोलणं तुटक झालं. वहिनींचा फोन आला तरी नुसतं "निघाले" म्हणायच्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मला वाटायचं, हिला कळलंय. पण कळलं असतं तर ती भांडली असती, मी तिला ओळखत होते.

शुक्रवारी त्यांचा शेवटचा दिवस. बुधवारी दुपारी काका माझ्या टेबलाशी आले. "सांगायचंय," ते म्हणाले. "तुम्ही पण या. शनिवारी सकाळी ती बाई खिडकीत बसून आपली वाट बघणार. मला ते जमणार नाही."

"तिचं काय होईल?" मी विचारलं.

"माहीत नाही. पण तिच्याकडे काय नाही हे तरी तिला माहीत असायला हवं."

आम्ही त्यांना मधल्या मुद्रणाच्या खोलीत नेलं. खांदा लावून दार बंद केल्यावर तिथे इतकी शांतता व्हायची की स्वतःचं गिळणं ऐकू यायचं. ऑपरेटरबाई वाचकाच्या खुर्चीत बसल्या, मी भिंतीशी स्टुलावर. काका उभेच राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. पहिला ड्राइव्ह, दुसरा ड्राइव्ह, नाव, ती ओळ, सात मिनिटं, खोटं. मध्ये मी म्हटलं, "कळ मी दाबली." या वेळी काका भांडले नाहीत. शेवटी म्हणाले, "ती सापडणार नाही. आता कधीच नाही."

बाईंनी दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले होते. मग माझ्या दिशेने म्हणाल्या, "एकोणीस वर्षांत तुमच्या कपाटातून टाचणी हरवली नाही. आणि तबकडी इकडेतिकडे झाली म्हणता? मला पहिल्याच दिवशी कळलं, तुम्ही लपवताय."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुम्ही ती ऐकलीत. मला वाटलं, अक्काने माझ्याबद्दल असं काहीतरी सांगून ठेवलंय की ते मला ऐकवायची तुमची हिंमत नाही. मी दिसायला भयंकर असेन. लहानपणी कोणी मला कडेवर घेत नसे, ते त्यामुळे असेल. तीन आठवडे मी आरशात बघावं तसा चेहरा चाचपत बसलेय. घरी. आणि इथेसुद्धा, फोन नसेल तेव्हा."

मला त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. तबकडी पुसली ती चूक होती. हे मात्र आम्ही तिला दिलं होतं, रोज थोडं थोडं, तिचं मन राखण्यासाठी. मला वाटलं, आता मलाच रडू फुटणार. आणि रडल्या त्या. मोठ्याने, तोंड न झाकता. अक्काला हाका मारून रडल्या. त्या खोलीच्या भिंती आवाज पिऊन टाकतात, तरी मला वाटत होतं की सगळ्या इमारतीला ऐकू जातंय.

मग नाक पुसून त्यांनी विचारलं, "काका, तपासणीला तुम्ही ऐकली होती ना? पूर्ण?"

"हो."

"मग सांगा. काय म्हणाली ते. ऐकलेलं बोलायचं नाही हा नियम गेला खड्ड्यात."

काका भिंतीला टेकले. डोळे मिटले, पॅसेज सांगताना मिटले होते तसे. "सुरुवात अशी होती. 'ऐक गं. तू आईसारखी नाहीस आणि बाबांसारखी पण नाहीस, तू तुझ्याचसारखी आहेस, त्यामुळे मला जरा अवघड जाणार आहे.'" त्यांनी स्वल्पविराम खाल्ले, अगदी अक्कासारखे. बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "मग... मग कपाळाचं काहीतरी होतं. कपाळ आणि केस. त्यानंतर..." त्यांचे ओठ हलत राहिले. "त्यानंतर खूप होतं. ऐकताना मी दोनदा थांबलो होतो, एवढं आठवतंय. शब्द गेले. चार वर्षं झाली. बाई, मला शब्द आणता येत नाहीत."

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला दिसतं ना?"

"अं?"

"दिसतं ना तुम्हाला? मग बघा आणि सांगा."

काकांनी डोळे उघडले. सगळी हयात खिडकीबाहेर बघण्यात घालवलेला हा माणूस. माझ्याशीही बोलायचे ते माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत. त्यांनी ध्वनिमुद्रण करणाऱ्याची खुर्ची ओढली, बाईंच्या समोर ठेवली, बसले, आणि चष्मा पुसून त्यांच्या तोंडाकडे बघायला लागले. इतका वेळ बघितलं की मलाच संकोच वाटला.

"भयंकर नाही," ते म्हणाले. "हे आधी सांगतो. कपाळ रुंद आहे. केस मागे ओढून बांधता त्यामुळे आणखी रुंद दिसतं. डाव्या भुवईत एक खाच आहे, तिथे केस उगवलेले नाहीत."

"पाटी लागली होती. अक्कानेच फेकली होती."

"त्या खाचेमुळे ती भुवई जरा वर गेल्यासारखी दिसते. म्हणून तुम्ही गप्प असलात तरी आता काहीतरी विचारणार असं वाटतं. गाल मोठे आहेत. हसता तेव्हा उजवीकडचा ओठ आधी हलतो, डावा मागून येतो. हनुवटी छोटी, पण ती तुम्ही वर धरता, कोणाशी तरी पैज लावल्यासारखी. वय दिसतं. डोळ्यांपाशी दिसतं. चेहरा... एकदा बघितला की पुन्हा बघावासा वाटतो. मी इतकी वर्षं का नाही बघितला, मला कळत नाही."

मी पण बघत होते. रोज आत येताना काचेतून मान हलवायची आणि पुढे जायचं, एकोणीस वर्षं. ती खाच मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

"आत्ता कशी आहे?" बाईंनी विचारलं.

"आत्ता रडून नाक लाल झालंय."

"लाल म्हणजे कसं?"

काका विचार करून म्हणाले, "हात लावून बघा. गरम लागेल."

बाईंनी नाकाच्या शेंड्याला बोट लावलं. "लागतंय."

"पण हे अक्कांच्या तबकडीत नव्हतं," काका म्हणाले. "तुम्ही रडताना कशा दिसता ते त्यांनी सांगितलं नव्हतं. एवढं मला नक्की आठवतं."

"ती कुठून सांगणार? तिच्यासमोर मी कधी रडलेच नाही. ती घाबरली असती." त्यांनी हनुवटी वर केली आणि चेहरा जरा डावीकडे वळवला, तिकडचं अजून सांगायचं राहिलंय म्हणून. "सांगा पुढे."